पदवीच्या अभ्यासातला सामाईक भाग

पदवीला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने, त्याची शाखा कोणतीही असो, काही ठरावीक गोष्टी शिकूनच बाहेर पडावे असे मानून जो अभ्यासक्रम आखला जातो, त्याला सामान्य शिक्षणाचा अभ्यासक्रम म्हणतात. अमेरिकेत त्याला ‘जनरल एज्युकेशन’ म्हणतात. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने थोडा इतिहास वाचावा, वाणिज्यच्या विद्यार्थ्याला आकडेवारीतली लबाडी ओळखता यावी, अभियंत्याला कायद्याचे आणि नीतीचे प्रश्न परके वाटू नयेत, अशी त्यामागची साधी अपेक्षा. या अपेक्षेला कोणी हरकत घेत नाही. भांडण पुढच्या प्रश्नांवरून सुरू होते. या ठरावीक गोष्टी कोणत्या, त्या कोणी ठरवायच्या, त्यांच्यासाठी तास कोणाच्या वाट्यातून काढायचे आणि शिकवायचे कोणी? यातले शेवटचे दोन प्रश्न कारकुनी वाटतात. पण असे बहुतेक अभ्यासक्रम तरतात किंवा बुडतात ते त्यांच्यावरच.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकी महाविद्यालयांना हा प्रश्न फारसा पडलाच नव्हता. लॅटिन, ग्रीक, गणित आणि थोडे तत्त्वज्ञान सर्वांना सारखेच. येल महाविद्यालयाने १८२८ साली एक अहवाल काढून या पद्धतीची पाठराखण केली. जुन्या भाषा आणि गणित यांनी बुद्धी घडते, पोटापाण्याचा व्यवसाय नंतर शिकता येतो, असा त्याचा युक्तिवाद होता. १८६९ मध्ये चार्ल्स एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि चाळीस वर्षे त्या पदावर राहिले. नवी विज्ञाने, आधुनिक भाषा, अर्थशास्त्र यांना जागा करून द्यायची तर जुनी सक्ती हटवणे भाग होते. ती त्यांनी टप्प्याटप्प्याने हटवली आणि शतक सरता सरता पहिल्या वर्षाच्या इंग्रजी लेखनाखेरीज फारसे काही सक्तीचे उरले नाही. विद्यार्थ्यांनी या मोकळिकीचा व्हायचा तोच उपयोग केला. सोपे आणि प्राथमिक पातळीचे वर्ग वेचून पदवी पदरात पाडून घेणारे बरेच निघाले. १९०९ मध्ये एलियट यांच्या जागी आलेल्या ॲबट लॉरेन्स लॉवेल यांनी मधला मार्ग काढला. काही अभ्यास एका मुख्य विषयात खोलवर आणि काही वर्ग इतर ज्ञानगटांत विभागून घ्यायचे.

विभागणीची ही पद्धत आजही अमेरिकेत सर्वाधिक आढळते. तिच्या टिकाऊपणाचे कारण उघड आहे. तिच्यासाठी कोणत्याही विभागाला नवे काही करावे लागत नाही. मानव्यविद्यांतून दोन, समाजशास्त्रांतून दोन, विज्ञानातून दोन असे कोष्टक केले की विद्यार्थी आहेत त्याच वर्गांत जाऊन बसतात. मात्र मानसशास्त्राचा पहिला वर्ग पुढे मानसशास्त्रज्ञ होणाऱ्यांसाठी आखलेला असतो. ज्याला आयुष्यात पुन्हा तो विषय भेटणार नाही, त्याला नेमके काय द्यायचे याचा विचार त्यात झालेला नसतो. आपापल्या जागी चांगले असलेले सहा वर्ग करूनही त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही.

कोलंबिया विद्यापीठाने वेगळी वाट धरली ती पहिल्या महायुद्धामुळे. १९१८ मध्ये अमेरिकी महाविद्यालयांत विद्यार्थी-सैनिकांच्या तुकड्या उभारण्यात आल्या आणि हे युद्ध कशासाठी चालले आहे ते त्यांना समजावे म्हणून एक वर्ग सुरू झाला. युद्ध संपले, पण असा वर्ग शांततेच्या काळातही हवा असे तिथल्या प्राध्यापकांना वाटले. १९१९ मध्ये ‘कंटेम्पररी सिव्हिलायझेशन’ हा वर्ग पहिल्या वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांना सक्तीचा झाला. तो कोणत्याही एका विभागाचा नव्हता. इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या विभागांतले शिक्षक मिळून तो चालवत. पुढे १९३७ मध्ये साहित्याचा, तर दशकभराने चित्र-शिल्प आणि संगीत यांचा सामाईक वर्ग त्याला जोडला गेला. विज्ञान मात्र या रचनेत फार उशिरा, २००४ मध्ये आले. शंभराहून अधिक वर्षे टिकलेल्या या रचनेतली ही मोठी उणीव म्हटली पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात होते, म्हणजे हा वर्ग सुरू होण्यापूर्वी. आणि ते पदव्युत्तर विद्यार्थी असल्याने तो त्यांना लागूही झाला नसता. पण अर्थशास्त्राच्या जोडीला इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र आणि तत्त्वज्ञान असे वर्ग त्यांनी आपणहून गाठले. ज्याला ही भूक आहे त्याच्यासाठी सक्तीचा सामाईक अभ्यासक्रम लागत नाही. तो आखावा लागतो तो उरलेल्यांसाठी.

कोलंबियाचा वर्ग चालतो कसा, हे त्याच्या पुस्तकांच्या यादीपेक्षा महत्त्वाचे आहे. एका तुकडीत साधारण वीस-बावीस विद्यार्थी असतात. सर्व तुकड्या बहुतांशी तीच पुस्तके त्याच सुमारास वाचतात, त्यामुळे वसतिगृहात आणि खानावळीतही त्यावर बोलणे होते. शिकवणारा त्या पुस्तकाचा तज्ज्ञ असतोच असे नाही. अर्थशास्त्राच्या माणसाला प्लेटो शिकवावा लागतो आणि इतिहासाच्या माणसाला डार्विन. म्हणून शिकवणारे नेमाने एकत्र बसतात आणि येत्या आठवड्यातल्या पुस्तकावर त्यातले जाणकार बाकीच्यांशी बोलतात. ही बैठक हा खरे तर अभ्यासक्रमाचाच भाग आहे, पण वेळापत्रकात ती दिसत नाही. ज्या संस्थांनी कोलंबियाची यादी उचलली आणि बैठक सोडून दिली, त्यांच्या हाती यादीच उरली.

ठरावीक ग्रंथांचा गाभा या कल्पनेचे टोक मेरीलँडमधल्या सेंट जॉन्स महाविद्यालयाने १९३७ मध्ये गाठले. तिथे चारही वर्षे सर्वांना एकच अभ्यासक्रम, विभागच नाहीत, आणि भूमितीसुद्धा युक्लिडच्या मूळ ग्रंथातून. छोट्या संस्थेला हे झेपते. याच सुमारास शिकागो विद्यापीठात रॉबर्ट हचिन्स यांनीही सामाईक अभ्यासक्रमाचा जोरदार पुरस्कार केला. हार्वर्डने १९४५ मध्ये लाल मुखपृष्ठाचा अहवाल काढून सामान्य शिक्षणाची लोकशाहीशी सांगड घातली. त्या अहवालाचा देशभर बोलबाला झाला, पण खुद्द हार्वर्डने तो अर्धामुर्धाच अमलात आणला.

गाभ्याला विरोध दोन बाजूंनी झाला. एक आक्षेप निवडीच्या हक्काचा. ब्राउन विद्यापीठात आयरा मॅगझिनर आणि एलियट मॅक्सवेल या दोन विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या अहवालानंतर १९६९ मध्ये विभागणीची सक्ती रद्द झाली आणि ती आजही नाही. दुसरा आक्षेप ग्रंथ कोणाचे, हा. स्टॅनफर्डमध्ये पाश्चात्त्य संस्कृतीच्या सक्तीच्या वर्गावरून वाद पेटला. सगळे लेखक युरोपातले आणि जवळपास सगळे पुरुष, हे विद्यार्थ्यांना मान्य नव्हते. १९८८ मध्ये त्या वर्गाची जागा संस्कृती, कल्पना आणि मूल्ये अशा व्यापक नावाच्या वर्गाने घेतली. हा वाद भारतीय वाचकाला परका वाटू नये. सर्वांनी वाचलेच पाहिजे अशा ग्रंथांची यादी करायला महाराष्ट्रात दहा माणसे बसवली, तर ज्ञानेश्वरीपासून गुलामगिरीपर्यंत कशाचा क्रम कुठे लावायचा यावर पहिली बैठक संपेल. तशी ती संपावीही. सामाईक काय हे ठरवणे हे राजकीय काम आहे, आणि ते उघडपणे वाद घालून झालेले बरे.

तंत्रशिक्षणाच्या संस्थांनी हा प्रश्न जास्त रोखठोकपणे सोडवला आहे. एमआयटीमध्ये प्रत्येकाला, मग तो अर्थशास्त्र का शिकत असेना, दोन वर्ग भौतिकीचे, दोन कलनशास्त्राचे, एक रसायनाचा आणि एक जीवशास्त्राचा करावा लागतो. आणि प्रत्येकाला, मग तो रोबो का बनवत असेना, मानव्यविद्या, कला आणि समाजशास्त्रे यांतले आठ वर्ग करावे लागतात. सक्ती दोन्ही बाजूंना सारखी आहे, म्हणून ती कोणाला शिक्षा वाटत नाही.

आशियातली दोन उदाहरणे याच्या जमाखर्चाची बाजू दाखवतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये अमेरिकी प्रभावाखाली पदवीची पहिली दोन वर्षे सामान्य शिक्षणाला दिली गेली आणि मानव्यविद्या, समाजशास्त्रे, निसर्गविज्ञाने यांचे प्रत्येकी १२ असे ३६ श्रेयांक सक्तीचे झाले. त्यासाठी वेगळे विभागही निघाले, पण तिथल्या शिक्षकांना विशेष विषय शिकवणाऱ्यांपेक्षा कमी मान मिळे. १९९१ मध्ये सरकारने नियम सैल केले आणि काही वर्षांतच बहुतेक राष्ट्रीय विद्यापीठांनी ते विभाग मोडीत काढले. टोकियो विद्यापीठाचा कोमाबा परिसर हा ठळक अपवाद. हाँगकाँगमध्ये याच्या उलट घडले. २०१२ मध्ये तिथली पदवी तीनऐवजी चार वर्षांची झाली. वाढलेल्या वर्षाचे काय करायचे हे आधीच ठरवून ठेवल्यामुळे चायनीज युनिव्हर्सिटीने मानव आणि निसर्ग या विषयांवरचे दोन सामाईक वाचनवर्ग सर्वांना लागू केले. २००९ पासून तीन वर्षे ते थोड्या विद्यार्थ्यांवर करून पाहिले होते, आणि शिकवण्यासाठी खास याच कामाची माणसे नेमली होती.

भारतात ही कल्पना स्वातंत्र्याइतकीच जुनी आहे. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ च्या अहवालात सामान्य शिक्षणावर स्वतंत्र विवेचन केले आणि ते सर्व पदवीधरांना मिळावे अशी शिफारस केली. आयोगावर मेघनाद साहा आणि झाकिर हुसेन यांच्याबरोबर अमेरिकेतल्या अँटिऑक महाविद्यालयाचे एकेकाळचे अध्यक्ष आर्थर मॉर्गनही होते. पुढे काही विद्यापीठांनी प्रयोग केले, पण ते रुजले नाहीत. याचे मुख्य कारण संलग्नतेच्या पद्धतीत आहे. शिकवते महाविद्यालय, अभ्यासक्रम ठरवते अभ्यास मंडळ आणि प्रश्नपत्रिका काढतो तिसराच. चर्चेवर चालणारा वर्ग अशा साखळीतून गेला की शेवटी त्याचे गाइड होते. मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी ‘एफसी’ म्हणजे फाउंडेशन कोर्स याच रीतीने पार केला आहे. मानवी हक्क, पर्यावरण, ताणतणाव असे चांगले विषय, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलेली पाच-पाच मुद्द्यांची उत्तरे.

पर्यावरण अभ्यासाचेही असेच झाले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शिक्षणात आणण्याचे निर्देश दिले. पदवीच्या सर्व शाखांना तो सक्तीचा व्हायला आणखी बारा-तेरा वर्षे लागली. त्यासाठी पुण्याच्या एराक भरूचा यांनी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात क्षेत्रभेटीला जागा आहे. पण दीडशे विद्यार्थ्यांना घेऊन नदीवर जायचे तर बस, परवानगी आणि दुसरा शिक्षक लागतो. त्यामुळे बहुतेक ठिकाणी नदी वहीतच राहिली. दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांच्या पदवीत ११ पायाभूत वर्ग आणले. ते घाईने आले आणि पुढच्याच वर्षी सगळी योजना गुंडाळली गेली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर चित्र बदलले आहे, निदान कागदावर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीच्या १२० श्रेयांकांपैकी ९ बहुविद्याशाखीय वर्गांना, ८ भाषेला, ९ कौशल्याला आणि ६ ते ८ मूल्यवर्धित वर्गांना आहेत. हा चौथ्या हिश्शाहून जास्त वाटा झाला. महाराष्ट्राने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात तीन वर्षांसाठी १३२ श्रेयांकांची मांडणी केली. तीत ओपन इलेक्टिव्ह, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहशालेय उपक्रम असे कप्पे आहेत. कप्प्यांची आद्याक्षरे पाठ करण्यात प्राध्यापकांचा एक उन्हाळा गेला. आता खरे काम आहे ते प्रत्येक कप्प्यात काय ठेवायचे याचे. दोन श्रेयांकांचा एक वर्ग म्हणजे ३० तास. तेवढ्यात काय होऊ शकते आणि काय नाही, हे आधी मान्य केले तर बरीच फसगत टळते.

आखणीची सुरुवात विषयांच्या नावांपासून करू नये. आपला पदवीधर काय करू शकला पाहिजे, हे तीन-चार वाक्यांत लिहावे, आणि ती वाक्ये तपासता येतील अशी असावीत. ‘जबाबदार नागरिक घडवणे’ हे तपासता येत नाही. ‘वर्तमानपत्रातला तक्ता पाहून त्यात काय लपवले आहे ते सांगता येणे’ हे येते. ‘आपल्याला न पटणाऱ्या मताची बाजू, ते मत असणाऱ्याला मान्य होईल अशी मांडता येणे’ हेही येते. नंतर किती वर्ग सामाईक आणि किती निवडीचे हे ठरवावे. मध्यम आकाराच्या महाविद्यालयाला दोन-तीन वर्ग खरोखर सामाईक आणि बाकी निवडीचे, एवढेच झेपते.

एखादा प्रश्न घेऊन त्याभोवती वर्ग उभारणे हा असे सामाईक वर्ग आखण्याचा चांगला मार्ग आहे. मराठवाड्यातल्या किंवा पुरंदर-जतसारख्या भागातल्या महाविद्यालयाने ‘पाणी’ हा ३० तासांचा वर्ग आखायचा ठरवला, तर तो असा बसवता येईल. पहिले सहा तास जमिनीखालचे. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या कातळाचा आहे. त्यात पाणी झिजलेल्या थरांत आणि भेगांत तेवढे साठते, म्हणून शेजारच्या दोन विहिरींना सारखे पाणी नसते. विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्या परिसरातल्या चार विहिरी दोरीने मोजाव्यात आणि तालुक्याच्या पावसाचे वीस वर्षांचे आकडे आलेखावर काढावेत. कला शाखेच्या मुलांचे गणित इथेच होऊन जाते. पुढचे तास पाण्यावरच्या हक्काचे. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ मध्ये सर्वांना खुले केल्याचा ठराव होता, तरी २० मार्च १९२७ ला सत्याग्रह करावा लागला आणि कोर्टातला दावा उच्च न्यायालयात १९३७ मध्ये निकाली निघाला. ठराव आणि प्रत्यक्ष पाणी यांत तेरा वर्षे का गेली, यावर विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी लिहावे. नंतर अर्थकारण. पुरंदरमधल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर उभ्या केलेल्या पाणीपंचायतीचे नियम घ्यावेत. पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर वाटायचे, भूमिहीनालाही त्यात वाटा, आणि उसाला पाणी नाही. या नियमांचे हिशेब वाणिज्यच्या मुलांनी मांडावेत आणि ऊस घेणाऱ्या शेतकऱ्याची बाजूही त्यांनीच लढवावी. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधला बंधारे-तळ्यांच्या सूचनांचा भाग वाचायला दोन तास पुरतात. शेवटी हिवरे बाजार या गावाप्रमाणे पाऊस मोजून पाण्याचा वार्षिक ताळेबंद आपल्या गावासाठी तयार करायचा आणि ग्रामसभेपुढे ठेवता येईल असे दोन पानी टिपण मराठीत लिहायचे.

या वर्गात भूगोल, अर्थशास्त्र, इतिहास, मराठी आणि थोडे संख्याशास्त्र येते. यातला एकही विषय पुरता होत नाही. विभागप्रमुखांचा आक्षेप नेमका हाच असतो आणि तो खोटाही नाही. खोली मुख्य विषयात मिळायची आहे. इथे एकाच प्रश्नाकडे वेगवेगळी शास्त्रे कशी पाहतात आणि त्यांची उत्तरे कुठे एकमेकांना छेदतात, हे दिसले तर वर्गाचे काम झाले. महत्त्वाची पथ्ये दोन: वर्गात साठाहून जास्त विद्यार्थी नकोत, आणि चार शिक्षकांनी आळीपाळीने येऊन आपापले व्याख्यान देऊन जाऊ नये. एकाने पूर्ण तीस तास वर्ग धरायचा आणि बाकीच्यांनी त्याला आधी शिकवायचे.

इथेच गाडी अडते ती कार्यभारावर. महाराष्ट्रातल्या अनुदानित महाविद्यालयांत शिक्षकांची पदे विषयाच्या तासांवर ठरतात. एखाद्या विभागाचे तास कमी झाले तर पद जाण्याची भीती खरी असते. म्हणून अभ्यास मंडळात सामाईक वर्गावर चर्चा सुरू झाली की ती शिक्षणाची राहत नाही, तासांच्या वाटपाची होते. परिणामी ओपन इलेक्टिव्हच्या यादीत ‘प्राथमिक अमुक’ आणि ‘तमुकची ओळख’ अशी नावे येतात. मुख्य विषयाचेच पहिले प्रकरण नव्या वेष्टनात. उरलेले वर्ग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांकडे जातात. त्यांना तासाचे पैसे मिळतात, तयारीच्या बैठकीचे मिळत नाहीत. यावर उपाय प्रशासकीयच आहे. सामाईक वर्गाचे तास शिकवणाऱ्याच्या मूळ विभागाच्या कार्यभारात पूर्ण धरायचे, आठवड्याची एक बैठक तास म्हणून मोजायची, आणि या वर्गांना प्राचार्यांच्या थेट हाताखालचा एक समन्वयक द्यायचा. ज्या वर्गाला धनी नाही, तो दुसऱ्या वर्षी कोणीच धड शिकवत नाही.

मूल्यमापनाचे शिकागोतले उदाहरण शिकण्यासारखे आहे. तिथे १९३१ पासून शिकवणारे आणि परीक्षा काढणारे वेगळे ठेवले गेले आणि परीक्षांसाठी स्वतंत्र कार्यालय निघाले. त्या कार्यालयात काम करणारे बेंजामिन ब्लूम यांनी उद्दिष्टांचे वर्गीकरण १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. बी.एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते तोंडपाठ असते. ब्लूम परीक्षा सुधारणेच्या कामासाठी भारतातही येऊन गेले. त्यांचे वर्गीकरण आता अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर ‘विश्लेषण करता येईल’, ‘मूल्यांकन करता येईल’ अशा क्रियापदांच्या रूपाने उरले आहे आणि प्रश्नपत्रिकेत मात्र ‘टिपा लिहा’ असते. सामाईक वर्गाची परीक्षा न पाहिलेल्या मजकुरावर घेतली पाहिजे: नवा तक्ता, नवा उतारा, नवा निवाडा. पुस्तक समोर उघडे असले तरी हरकत नाही. गुणांचा मोठा भाग सत्रात लिहिलेल्या तीन-चार छोट्या टिपणांना द्यावा, आणि त्यातले एक तरी शिक्षकाच्या शेऱ्यानंतर पुन्हा लिहिलेले असावे. साठ विद्यार्थ्यांची टिपणे दोनदा तपासायला वेळ लागतो. तो कार्यभारात धरला नसेल तर ही तरतूद कागदावरच राहते.

असा अभ्यासक्रम एकदा करून ठेवता येत नाही. हार्वर्डने १९४५ चा अहवाल मागे टाकून १९७८ मध्ये नवा गाभा स्वीकारला, तोही २००७ मध्ये बदलायचे ठरवले, आणि नव्या रचनेतही निवडीचे वर्ग पसरत जाऊन मूळ हेतू हरवला असे अंतर्गत आढाव्यात दिसल्यावर २०१९ पासून तिसरी मांडणी सुरू केली. त्यात आता चार गटांतून प्रत्येकी एक वर्ग करावा लागतो. छोट्या महाविद्यालयाने दोन तुकड्यांवर एक वर्ग करून पाहावा, सत्राअखेर विद्यार्थ्यांची टिपणे शिक्षकांनी एकत्र बसून वाचावीत, तीस तासांत जे बसले नाही ते काढून टाकावे, आणि दुसऱ्या वर्षी तुकड्या वाढवाव्यात. विद्या परिषदेकडे प्रस्ताव नेताना ती टिपणे सोबत जोडावीत.